'मस्त' झालेले शिष्य

यंदा पेंटेकॉस्ट, म्हणजे येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरून ते परक्या भाषांत बोलू लागले त्याचा सण, २४ मेला आला, नवतपा लागायच्या तोंडावर. त्या दिवसांत सकाळी साडेनऊनंतर नागपुरात चर्चच्या बाकावर बसणं काय असतं, ते बसलेल्यालाच ठाऊक; कूलरही गरम वाराच फेकतो. म्हणून आमच्या मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर महिनाभर पेटलेला वाद वरवर वेळेचा होता: आठची उपासना इंग्रजीत घ्यायची, मराठी साडेदहाला ढकलायची. आतून तो भाषेचाच. "पोरं इंग्रजी शाळेतली, त्यांना मराठी गीतं समजत नाहीत," हा एक पक्ष. "मराठी गेली की मंडळी गेली," हा माझ्या मामांचा. तिसरा पक्ष ग्रुपवर बोलतच नाही. तो रविवारी गिटार-ड्रमवाल्या हिंदी प्रार्थनेला निघून जातो. शेवटी मराठी साडेदहालाच गेली.

मी हे श्टुटगार्टमध्ये बसून वाचत होतो. पेंटेकॉस्टच्या सोमवारी अख्ख्या जर्मनीला सुट्टी, पण ती कशाची, हे ऑफिसात अर्ध्यांना सांगता येत नाही. नागपुरात सुट्टी नाही, पण भांडायला माणसं आहेत. खरं सांगायचं तर मला हेवाच वाटला.

आमच्या इथल्या मंडळीत घानाचे, केरळचे, इराणचे लोक. त्या रविवारी बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला त्याच प्रसंगाचा दुसरा अध्याय ज्यानं त्यानं आपल्या भाषेत वाचायचा. मी आईच्या जुन्या बायबलमधून वाचला. शिष्य नव्या द्राक्षारसाने मस्त झालेत अशी लोक चेष्टा करतात, तिथे आलो आणि नऊ वर्षांची लेक फिसकन हसली. घरी आल्यावर म्हणाली, "बाबा, मस्त झाले तर चांगलंच ना?" तिचं मराठी आजीच्या व्हिडिओ कॉलवरचं. त्यात मस्त म्हणजे छान; जुन्या बायबलात मस्त म्हणजे पिऊन धुंद.

त्या अध्यायात बोलणारे गालीलचे, ऐकणारे पार्थी, मेदी, एलामी, अरब, आणि प्रत्येकाला ऐकू येते आपलीच बोली. सोय झाली ती ऐकणाऱ्याची. मामा मराठी मागतात ते रास्तच, पण वाडवडिलांची ठेव म्हणून मागतात, तिथे माझं त्यांच्याशी जमत नाही. पहिल्या बाकावरच्या आजींना इंग्रजी अडते आणि दहावीच्या पोराला हा 'मस्त', याचा हिशेब दोन्ही पक्षांनी केला नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं, ते साध्या बायकांना समजावं म्हणून. (त्यांच्याच मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली पवित्र आत्म्याचं उधाण आलं, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या अझुसा स्ट्रीटवर तशीच पेंटेकॉस्टल चळवळ पेटण्याच्या आधी. गिटारवाल्यांना अमेरिकेची नक्कल म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.)

आणि हे नागपुरात अडावं? २९ नोव्हेंबर १९७० ला सहा पंथ इथेच एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बाप्तिस्मा बाळाला द्यायचा की जाणत्याला, हा केवढा तंटा! त्यांनी दोन्ही राहू दिले.

मी ग्रुपवर टाकलं: पुढच्या वर्षी मराठी सातला, वाचन एखाद्या पोरानं करावं, मामांनी नाही. वर जोडलं की शिष्य प्यालेले नाहीत याला पेत्राचा पुरावा एकच, सकाळचे नऊच तर वाजलेत.

मामांचं उत्तर आलं: "तू ये नवतप्यात. नऊ वाजता इथे शुद्धीवर कोण राहते, ते दाखवतो."