लाखभर बोटुकली सोडली, की प्रश्न मिटतो?

नमस्कार,

"नदीतले मासे संपत चाललेत आणि तुम्ही जनुकं मोजत बसलात. लाखभर बोटुकली सोडा, प्रश्न मिटेल," असं माझ्या जनुकीय वैविध्याच्या मुद्द्यावर तुम्ही एका उपक्रमाचा दाखला देऊन लिहिलंय. तुमची कळकळ पोचली. उपाय मात्र मला पटत नाही.

ही लाखभर बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, येतात कुठून, ते पाहा. मोठ्या कार्प माशांची एक मादी एका हंगामात लाखांनी अंडी देते. त्यामुळे बीजकेंद्राचं, म्हणजे माशांची पिल्लं (बीज) तयार करणाऱ्या केंद्राचं, काम मोजक्या जोड्यांवर भागतं. पाण्यात सोडताना आकडा डोळ्यांत भरतो, पण ती सगळी एकमेकांची भावंडं असतात. प्रजननात दहाच मासे असतील, तर एका पिढीत जनुकीय वैविध्य, म्हणजे माशामाशांमधला आनुवंशिक फरक, साधारण ५ टक्क्यांनी घटतं. शंभर असतील, तर अर्ध्याच टक्क्याने. शिवाय ही घट पिढीगणिक साचत जाते. नवा रोग आला किंवा पाणी तापलं, की तगून राहणारे मासे याच वैविध्यातून निघतात.

दुसरं म्हणजे, गोड्या पाण्यातल्या माशाला डोंगर ओलांडून शेजारच्या खोऱ्यात जाता येत नाही. म्हणून एकाच जातीचे मासे नदीनदीत वेगळे घडतात, समुद्री माशांपेक्षा कितीतरी जास्त. कुठल्या महिन्यात अंडी घालायची, किती गार पाणी सोसायचं, हे त्या त्या नदीने घडवलेलं असतं. परक्या बीजाशी संकर झाला, की ही घडण विस्कटते.

तुम्ही पुरावा मागितलात. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या हूड नदीत स्टीलहेड ट्राउटच्या पिढ्यांची वंशावळ डीएनएवरून लावली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बंदिस्त वाढीच्या प्रत्येक पिढीमागे माशांची निसर्गातली प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घसरली. कावेरीत बाहेरून आणून सोडलेला डेक्कन महसीर फोफावला आणि तिथला मूळचा, पाठीवर कुबड असलेला महसीर आज अतिसंकटग्रस्त आहे. त्याला इतरही कारणं आहेत, पण हे एक मोठं कारण आहेच.

बीज कधीच सोडू नये, असं माझं म्हणणं नाही. जिथे मूळ मासे अजून आहेत, तिथे आधी विणीच्या जागा आणि वाहतं पाणी सांभाळावं. सोडायचंच झालं तर प्रजनक, म्हणजे ज्यांच्यापासून बीज घ्यायचं ते नर-मादी मासे, त्याच नदीचे, भरपूर आणि दरवर्षी बदललेले असावेत. तुम्ही ज्या उपक्रमाचा दाखला दिलात, तिथलं बीज कुठल्या नदीतल्या, किती माशांपासून घेतलं होतं? माहिती मिळाली तर इथे जरूर लिहा.