ती हरली ते विश्वास कमी पडला म्हणून नाही

माझी भाची रोज पहाटे साडेपाचला रेशीमबागच्या मैदानावर पळायला जायची. पंधरा दिवस झाले, बूट दारामागे पडून आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत 800 मीटरला तिचे गुण गेले. घरी आल्यावर म्हणाली, "मावशी, मी मनातून शंभर टक्के नव्हती, म्हणून झालं."

हे तिचं वाक्य नाही. आमच्या फॅमिली ग्रुपवर तीनदा आलेल्या मेसेजमधलं आहे. त्यात म्हटलंय: विश्वास बसला की अशक्य काही नाही, रोज रात्री डोळे मिटून यश बघा, दुसरा पर्याय जाळून टाका, आणि हरलात, तर विश्वासच कमी पडला.

पहिल्या दाव्याला पुरावा म्हणून ब्रिटिश धावपटू रॉजर बॅनिस्टर दिलाय. 1954 साली त्याने जगात पहिल्यांदाच चार मिनिटांच्या आत मैल धावून दाखवला, जगाचा विश्वास बसला आणि वर्षभरात शेकडो जण तसे धावले म्हणे! शेकडो? वर्ष उलटेपर्यंत त्याच्याशिवाय एकच, ऑस्ट्रेलियाचा जॉन लँडी. तोही 46 दिवसांनी, आणि त्याआधी चार मिनिटं दोन सेकंदांच्या आसपास तो पुन्हापुन्हा धावलेला होता. स्वीडनचा गुंडर हेग 1945 मध्येच 4 मिनिटं 1.4 सेकंदांवर पोचला होता. बॅनिस्टर स्वतः घड्याळ लावून 440 यार्डांच्या फेऱ्या मारायचा आणि प्रत्यक्ष शर्यतीत वेग धरून द्यायला दोन मित्र पुढे पळत होते. मेसेजमध्ये यातलं अक्षर नाही.

डोळे मिटून यश बघायचं असेल तर बघा, पण त्याने दम वाढत नाही. पर्याय जाळायचं म्हणाल, तर ही पोरगी बीकॉमच्या शेवटच्या वर्षाचा फॉर्म न भरता बसली होती. तो मी शेवटच्या दिवशी भरायला लावला.

विश्वासाला काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने 1977 साली यावर पायाभूत लेख लिहिला. हे काम मला जमेल असं वाटणारा माणूस जास्त झटतो आणि अडचण आली तरी टिकतो, हे त्यात आहे. एवढं मेसेजचं खरं, मान्य. पण हा विश्वास येतो कुठून, तेही बांडुराने सांगितलंय: सगळ्यात जास्त तो स्वतः आधी करून दाखवलेल्या कामातून येतो. दुसऱ्याने दिलेला धीर त्यापुढे फार कमी टिकतो. म्हणजे फेरीची वेळ दोन सेकंदांनी उतरली की विश्वास चढतो. मेसेजने हा क्रमच उलटा केलाय.

आणि तो शेवटचा दावा. माझा खरा राग त्याच्यावर आहे. चाचणीच्या आदल्या आठवड्यात ही पोरगी तापाने फणफणली होती, चार दिवस अन्न गेलं नव्हतं. भरतीत जागा ठरलेल्या असतात, मेरिट लागतं. मैदानावरच्या प्रत्येकीने शंभर टक्के विश्वास ठेवला तरी एक जागा वाढत नाही. तरी हरलेल्या मुलीने दोष शोधायचा तो स्वतःच्या मनात! ताप, खुराक, सराव यांवर उपाय आहेत. 'तुझं मनच कच्चं' यावर ती काय करणार? घरी बसणार. बसलीच आहे.

काल तिची सरावाची वही काढली. जानेवारीपासूनच्या 800 मीटरच्या वेळा तिनेच लिहिल्यात, दर महिन्याला उतरत गेलेल्या. ती वही तिच्यासमोर ठेवली आहे. उद्या पहाटे स्टॉपवॉच घेऊन मी सोबत जाणार आहे.