खोल पाण्यातले शून्य किलोमीटर

धावणाऱ्या माणसाला दुखापत झाली की त्याच्या पायाची चौकशी डॉक्टर करतात आणि उरलेल्या सगळ्याची चौकशी कोल्हापूर करते. माझे दुखणे नडगीच्या आतल्या बाजूला, बोटाच्या पेराएवढ्या जागेत होते. त्यावर ना सूज होती, ना जखम, ना प्लास्टर, त्यामुळे सहानुभूती मिळण्याची सोयही नव्हती. डॉक्टरांनी नेमका त्या पेरावर अंगठा दाबला, मी टेबलावरून अर्धा उठलो, आणि निदान जवळजवळ तिथेच झाले. एक्स-रे अगदी निर्मळ आला, कारण हाडावरच्या ताणाचे हे दुखणे पहिले काही आठवडे एक्स-रेला बहुधा दाद देत नाही. एमआरआयने मात्र त्याला पकडले. हाड सतत झिजत असते आणि सतत भरूनही येत असते, धावण्याच्या ठोक्यांनी झिजेचा वेग वाढला आणि भरणी मागे पडली की असा बारीक तडा जातो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले आणि सहा ते आठ आठवडे धावण्यावर बंदी घातली.

ही बातमी रंकाळ्याच्या पदपथावर माझ्याआधी पोहोचली. तालमीत हयात घालवलेल्या एका शेजाऱ्यांनी तिळाच्या तेलाने नडगी रगडून देण्याची तयारी दाखवली, आणि डॉक्टरांनी रगडायला सक्त मनाई केली आहे असे सांगताच त्यांनी माझ्याकडे नव्हे, तर डॉक्टरांच्या शिक्षणाकडे दयेने पाहिले. दुसऱ्या एका हितचिंतकांच्या मते हाडाला हाडच लागते, म्हणून रोज सकाळी बोकडाच्या पायाचे सूप प्यावे. तिसरे मला थेट दूध कट्ट्यावर घेऊन गेले आणि समोर म्हैस पिळून फेसाळता पेला हातात देत म्हणाले, “हे पोटात गेलं की हाड आपोआप चिकटतंय.” दूध अप्रतिम होते. हाडाने आपले वेळापत्रक बदलले नाही.

या सगळ्यात पळणे बंद झाल्यावर दमसासाचे काय होणार, ही माझी खरी चिंता होती. त्यावर डॉक्टरांनी सुचवलेला उपाय असा, की खोल पाण्यात कमरेला तरंगता पट्टा बांधायचा, उभ्यानेच राहायचे आणि जमिनीवर पळतो तसे पळायचे. गळ्यापर्यंत पाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या पायांवर त्याच्या वजनाचा जेमतेम दहावा हिस्सा येतो, आणि इथे तर पाय तळाला लागतच नाहीत, त्यामुळे नडगीला ठोका बसण्याचा प्रश्नच उरत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट घन असल्यामुळे प्रत्येक पावलाला विरोध मात्र चांगलाच होतो. सराव असलेल्या धावपटूंनी चार ते सहा आठवडे केवळ असा व्यायाम केला तरी त्यांची क्षमता जवळपास टिकून राहिली, असे अभ्यासांत दिसले आहे, हेही त्यांनी सांगितले. हे शेवटचे वाक्य मी घट्ट धरून ठेवले. पट्टा त्याच संध्याकाळी मागवला.

अडचण शास्त्राची नव्हती, गावाची होती. इथल्या कित्येक पिढ्या पाठीला डबा बांधून पंचगंगेत किंवा शेतातल्या विहिरीत ढकलल्या गेल्या आणि पाण्याबाहेर आल्या त्या पोहायला शिकूनच. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये पोहलेला आणि २०१० च्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचे कांस्यपदक मिळवणारा वीरधवल खाडे याच गावचा. अशा गावात डोक्यावर केस उरले नसताना टोपी घातलेला, पोटावर निळा पट्टा आवळलेला एक प्रौढ गृहस्थ पोहण्याच्या तलावात खोल बाजूला उभ्याने हातपाय हलवत आहे आणि कोठेही जात नाही, हे दृश्य लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. काठावरचे प्रशिक्षक शिट्टी तोंडातून काढून खाली बसले.

“काका, पवायला येत नाही काय?”

“येतंय की.”

“मग पट्टा कशाला?”

“पळायला.”

त्यांनी शिट्टी पुन्हा तोंडात घातली, पण त्यानंतर पूर्ण वेळ एक डोळा माझ्यावर ठेवला. उन्हाळी वर्गाची मुले अधिक मोकळी होती. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला, मला ऐकू जाईल अशा बेताने, “ह्यो बुडायलाय का नाचायलाय?” असे विचारले, आणि दुसऱ्याने बराच विचार करून “दोन्ही” असे उत्तर दिले.

बाहेरून पाहणाऱ्याला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात अंग किंचित पुढे झुकलेले हवे, पण कमरेत वाकलेले नको. गुडघा वर यावा आणि पाय मागे लांब जावा. मुठी सैल मिटलेल्या असाव्यात, कारण तळवा उघडला की हात वल्ह्याचे काम करू लागतात आणि पाय सुट्टीवर जातात. हे सगळे सांभाळत असताना पट्टा हळूहळू वर सरकत काखेपर्यंत येतो, हनुवटी उचलली जाते, आणि धावपटूची मुद्रा जाऊन गटांगळीची मुद्रा येते. थांबून पट्टा खाली ओढावा तर तो सोडलेल्या क्षणी माणूस नाकापर्यंत खाली जातो, ज्यामुळे प्रशिक्षकांची शिट्टी पुन्हा वाजते. एकदा मी छातीत धाप लागेपर्यंत जोर लावून पळत असताना पिंपळाचे एक वाळके पान वाऱ्याने ढकलले जाऊन माझ्या डाव्या खांद्याजवळून पुढे गेले. ते भिंतीला टेकून बऱ्याच वेळाने मी तेथे पोहोचलो.

कंटाळा हा या व्यायामाचा गाभा आहे. रंकाळ्यावर पळताना शालिनी पॅलेस येतो, भेळेच्या बंद गाड्या येतात, ओळखीचा एखादा कुत्राही येतो. येथे समोर टाइल येते, तीच टाइल, कोपरा उडालेली. म्हणून एक मिनिट जोरात आणि अर्धा मिनिट हळू असे तुकडे पाडायचे, म्हणजे निदान भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याशी काही नाते जुळते. हा काटा जोराच्या मिनिटात चालत नाही आणि विश्रांतीच्या अर्ध्या मिनिटात धावतो, हे माझे निरीक्षण कोणत्याही पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात सापडणार नाही. घामही निथळतो, पण पाण्यात तो कोणाला दिसणार? घाम न दिसलेल्या माणसाने व्यायाम केला, यावर आमच्या गावाचा विश्वास नाही.

मनगटावरच्या घड्याळाचाही नाही. पाण्यात बुडलेल्या मनगटापर्यंत उपग्रहाचे संकेत धड पोहोचत नाहीत, आणि पोहोचले तरी सांगण्यासारखे अंतर कोणी कापलेले नसते. शिवाय पाण्याचा दाब पायांतले रक्त छातीकडे लोटतो, त्यामुळे हृदय प्रत्येक ठोक्याला अधिक भरते आणि तेवढ्याच श्रमाला ठोके मिनिटाला दहा-पंधराने कमी पडतात. म्हणजे जीव घशाशी आलेला असताना घड्याळ “हलका व्यायाम” असे नोंदवते. आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटात रविवारी कोणी पन्हाळ्याच्या चढाचे, कोणी विद्यापीठाच्या आवारातल्या फेऱ्यांचे आकडे टाकले, तेव्हा मी प्रामाणिकपणे ०.०० किलोमीटर, पंचेचाळीस मिनिटे, अशी नोंद टाकली. एका सदस्याने हात जोडल्याचे चिन्ह पाठवले. त्याला ती श्रद्धांजली वाटली असावी. घरातली प्रतिक्रिया अधिक व्यवहारी होती. “एवढे पैसे भरून एका जागी उभंच राहायचं असेल, तर बँकेच्या रांगेत राहा,” असे सौभाग्यवतींनी सुचवले, “पासबुक तरी भरून होईल.”

गार पाण्यातून बाहेर आल्यावर लागणारी भूक हा स्वतंत्र विषय आहे. ती नेहमीच्या भुकेसारखी पोटात लागत नाही, सर्वांगाला लागते, आणि तलावाच्या फाटकातून सरळ मिसळीच्या दुकानात नेऊन बसवते. ओलसर डोके, क्लोरीनने तांबारलेले डोळे, सुरकुतलेली बोटे आणि समोर तर्रीचा कट. पहिल्या ब्रेडबरोबर नाकातले उरलेसुरले पाणीही बाहेर येते. पाण्यात खर्च केलेले सगळे दुसऱ्या प्लेटपर्यंत बिनचूक जमा होत असे. दमसास टिकला की नाही हे पळाल्यावर कळणार होते, पण पट्टा मात्र एक छिद्र सैल करावा लागला.

दरम्यान, रोज माझ्या शेजारच्या लेनमध्ये संथ ब्रेस्टस्ट्रोक मारणारे आणि प्रत्येक फेरीला “अजून इथंच काय?” असे विचारणारे एक निवृत्त काका काही दिवस दिसले नाहीत. परत आले ते लंगडत. गुडघा कुरकुरत होता आणि त्यांना बेडकासारखे पाय मारायला मनाई झाली होती. त्याच सुमारास माझी नडगी दाबून पाहून आणि मला एका पायावर उड्या मारायला लावून डॉक्टरांनी हळूहळू, चालणे आणि पळणे आलटून पालटून, सुरुवात करण्याची परवानगी दिली होती. हे मी काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझे अभिनंदन केले नाही. ते माझ्या कमरेकडे पाहत होते.

“आता हा पट्टा काय करणार?”

“ठेवीन. कुणाला लागला तर देईन.”

“मला लागायलाय की. कितीला घेतला होता?”

मी किंमत सांगितली. त्यांनी पट्टा हातात घेतला, उलटा केला, बक्कल दोनदा लावून सोडून पाहिले आणि पाणी पिळून काढल्यासारखे करत म्हणाले, “निम्म्याला द्या. वापरलेला आहे, वर भिजलेला पण आहे.”