काकांची स्लीपर आणि फॉरवर्ड

सोसायटीच्या ग्रुपवर परवापासून एक मेसेज फिरतोय: 'भावना दुखावणारं आंदोलन शांततेत केलं तरी बेकायदाच. लोक चिडून दगड उचलतील, त्याआधी पोलिसांनी आंदोलकांना उचलावं. अमेरिकेतही असले लाड नाहीत.'

तो टाकणाऱ्यांत आमचे एक काका आहेत. गेल्या वर्षी दादर स्टेशनबाहेर त्यांनीच एका पुढाऱ्याच्या फ्लेक्सला जोडे मारले होते. स्वतःची कोल्हापुरी खराब होईल म्हणून शेजारच्याची रबरी स्लीपर मागून घेतली, फोटो झाल्यावर परत केली आणि लोकल पकडायला पळाले.

आता भावनांचं. नुसती भावना दुखावली की गुन्हा झाला, असं कायदा म्हणत नाही. भारतीय न्याय संहितेचं, म्हणजे गुन्ह्यांच्या मुख्य कायद्याचं, कलम २९९ धार्मिक भावनांपुरतं आहे. तिथेही हेतू जाणूनबुजून दुखावण्याचा आणि द्वेषाचा लागतो. पुढाऱ्याच्या भक्तांचा राग त्यात बसत नाही. शिवाय शब्दांचा परिणाम हळव्या माणसावर काय होतो ते बघायचंच नसतं; समंजस, खंबीर माणसावर काय होईल ते बघायचं. स्वातंत्र्याआधी नागपूरच्या हायकोर्टात न्या. व्हिव्हियन बोस यांनी घालून दिलेली ही फूटपट्टी. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच लावून कोल्हापूरच्या एका प्राध्यापकावरचा व्हॉट्सॲप स्टेटसचा गुन्हा रद्द केला.

'लोक चिडतील' हा तर उलटा न्याय. दगड उचलणारा मोकळा आणि घोषणा देणारा आत? हिंसेच्या धमकीपुढे अभिव्यक्ती दाबणं म्हणजे दांडगाईला शरण जाणं, असं सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच बजावलंय. पालघर आठवतं ना? २०१२ मध्ये मुंबई बंदवर फेसबुक पोस्ट टाकणारीला आणि ती लाइक करणारीलाही अटक झाली होती. त्यातूनच ऑनलाइन 'आक्षेपार्ह' मजकुराला गुन्हा ठरवणाऱ्या आयटी कायद्याच्या कलम ६६अ ला आव्हान मिळालं आणि २०१५ मध्ये ते रद्द झालं.

अमेरिकेचं तर साफ खोटं. सैनिकाच्या अंत्यविधीजवळ किळसवाणे फलक घेऊन उभ्या राहिलेल्या वेस्टबरो नावाच्या एका चर्चच्या लोकांच्या बाजूने तिथल्या सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये ८-१ असा निकाल दिला.

बंधनं आहेतच. हिंसेला चिथावणी नको, हातात शस्त्र नको. मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदान नेमून दिलंय, परवानगीही लागते. तेव्हा काकांच्या आंदोलनात पोलिसांना हरकत घ्यायचीच असती, तर ती दादरला घेता आली असती, स्लीपरला नव्हे.