हजाराव्या भागात आम्हाला हे दिलंत?

डोकं फिरलंय माझं. रविवारचा महाएपिसोड बघितल्यापासून जो संताप आलाय तो अजून उतरत नाहीये. घरात सगळ्यांना सांगून झालं, आता लिहूनच काढते.

मालिकेचं नाव घेत नाही, बघणाऱ्यांना लगेच कळेल. ठाण्यातली गोष्ट. जांभळी नाक्यावर बापाचा छापखाना, खोट्या सहीने तो लुबाडलेला. धंदा विकून पैसे उडवले असा ठपका घेऊन बाप गेला. आणि ज्याने ती सही केली, नेमका तोच माणूस मुलीचा मोठा दीर निघतो. आम्हाला हे पहिल्यापासून माहीत आहे, तिला माहीत नाही. तिला कळणार कधी आणि ती बापाचं नाव धुऊन काढणार कधी, एवढ्यावर ही मालिका उभी आहे.

सोमवार ते शनिवार धरलं तर हजार भाग व्हायला सव्वातीन वर्षं लागतात. एवढा काळ आमच्या घरात साडेआठला दुसरं काही लागलं नाही. सासूबाई आठच्या आत कुकर उतरवतात. मला ऑफिसातून यायला उशीर झाला तर गाडीत मोबाइलवर बघते, दादर ते ठाणे. आवडत होती म्हणूनच ना? सुरुवातीला काय सुंदर होती! कौपिनेश्वराच्या पाडव्याच्या स्वागतयात्रेत खरं शूटिंग केलं होतं, खरी गर्दी, खरे ढोल. तलावपाळीच्या कट्ट्यावर बसून बाप लेकीला टाइप कसे जुळवायचे ते सांगतो, तो सीन आजही डोळ्यांपुढे आहे. आपलं ठाणं कुणीतरी नीट बघतंय असं वाटायचं. नंतर सगळं एका बंगल्याच्या हॉलमध्ये आलं, तेही चालवून घेतलं. मधे लीप आला, अपहरणाचा ट्रॅक आला, स्मृती गेली, परत आली. पाणी घालतायत हे दिसत होतं, तरी सोडली नाही, कारण वहीचं काय होणार ते बघायचं होतं.

ती वही म्हणजे बापाची हिशेबाची वही. लाल कापडाची बांधणी, आणि बापाच्या खऱ्या सहीशेजारी शाईचा डाग. तो डाग पडला तो भाग आम्ही पाहिलाय. ती वही तिला माळ्यावरच्या ट्रंकेत सापडली आणि महिनाभर एकच प्रोमो चालवला: ती दिरासमोर वही आपटते आणि म्हणते, आज खरं बाहेर येणारच. हजारावा भाग, रविवार, संध्याकाळी सात, एक तास. आमच्या विंगमधल्या शेजारच्या काकूंनी त्या दिवशीचं भिशीचं जेवण पुढे ढकललं. सासूबाईंनी दुपारची झोप नीट घेतली, म्हणजे मधे डुलकी लागायला नको.

आणि दिलं काय? तासाला १२ मिनिटं जाहिराती, तो नियमच आहे, ती सोडून द्या. उरलेल्या वेळात आधी सत्यनारायण. मग दुसऱ्या दोन मालिकांमधली माणसं पाहुणी म्हणून आली, कारण काय, तर महासंगम. त्यांनी उखाणे घेतले. मंगळागौरीचे खेळ झाले. ज्या सुनेच्या बापाच्या अब्रूचा आज फैसला होणार, ती मधेच स्वयंपाकघरात जाऊन मसाल्याचं पाकीट कॅमेऱ्यासमोर धरून त्याचं कौतुक करते! मग फ्लॅशबॅक. तोच पाऊस, तेच लग्न, तोच अपघात, पुन्हा पुन्हा.

त्या फ्लॅशबॅकमध्ये आत्या कुठेही नव्हती. लेखकांनो, आत्या आठवते का तुम्हाला? पहिली दोन वर्षं जिने घर बांधून ठेवलं, जिच्या एका नजरेवर आम्ही रडलो, तिला तुम्ही 'गावाला गेली' म्हणून एका वाक्यात काढून टाकलंत. हजाराव्या भागात तिचा एक चेहराही दाखवावासा वाटला नाही? सासूबाई शेवटपर्यंत विचारत होत्या, अगं, ती दिसली का?

शेवटची काही मिनिटं राहिली तेव्हा वही बाहेर आली. निळ्या पुठ्ठ्याची. कोरी करकरीत. लाल कापड नाही, काही नाही. ज्या वस्तूवर अख्खी कथा टांगलीत, ती कशी दिसते हे सेटवर एकालाही आठवू नये? मग ढॅण ढॅण करत प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा. पाहुण्यांच्याही, ज्यांचा या घराशी संबंध नाही. ती पान उलटायला हात पुढे करते, चक्कर येऊन पडते, डॉक्टर नाडी बघतात, गोड बातमी. वही सोफ्याखाली. संपला भाग.

मी ओरडलेच. काकू उठून काही न बोलता घरी गेल्या.

आता कुणी म्हणेल, रिमोट हातात आहे, नका बघू. का नको बघू? गोष्ट तुम्ही सांगायला घेतलीत, तुम्हीच रोज थांबा म्हणालात, आम्ही थांबलो. खोटा प्रोमो दाखवून माणसांना बसवायचं आणि वर आम्हालाच उठून जा म्हणायचं? कलाकारांवर, सेटवरच्या कामगारांवर माझा राग नाही. बारा-बारा तास उभी असतात ती माणसं. त्या मुलीने पडायच्या आधीच्या एका क्षणात वहीकडे जे बघितलं, त्यात बाप होता. तिला सीन लिहून दिला असता तर तिने जीव ओतला असता. राग आहे तो वर बसून ठरवणाऱ्यांवर. लांबवायची म्हणून जे चाललंय त्यावर. दीर पकडला गेला तर मालिका संपेल ही भीती असेल, तर संपवा! 'चार दिवस सासूचे' ३,००० भागांच्या पुढे गेली, आणि तीही २०१३ मध्ये संपलीच ना?

टीआरपी येईल. आकडा मोठाच असेल, आम्ही सगळे वाट बघत बसलो होतो म्हणून. त्याचा अर्थ आम्हाला आवडलं असा लावू नका. लाल वही शोधा, आत्याला परत आणा आणि त्या बापाचं नाव स्वच्छ करा. बारसं, डोहाळजेवण सगळं त्यानंतर.