‘डोंगरउतारावरच्या गरिबाला शाश्वत शेती परवडत नाही’: फिलिपीन्सचा दाखला नेमकं काय सांगतो?

शेतीच्या चर्चांमध्ये फिलिपीन्सचं नाव घेऊन एक दावा सारखा पुढे केला जातो. त्याचा सारांश असा: उतारावर मका पिकवून जगणाऱ्या गरिबाला माती राखणं परवडत नाही. त्यासाठी पैसा लागतो, झाडांच्या रांगांनी पीक घटतं, दक्षिणेकडच्या मिंडानाओ बेटावरच्या शेतकऱ्यांनी हे करून सोडून दिलं, आणि तज्ज्ञांच्या बियाण्याशिवाय गरिबाचं भागत नाही. यातला सोडून दिल्याचा मुद्दा अर्धा खरा आहे, त्यामुळे तोच सर्वांत जास्त दिशाभूल करतो.

आधी पैशाचं. दावाओ देल सूर प्रांतात बान्सालानजवळच्या किनुस्कुसान इथल्या ग्रामीण जीवन केंद्रात हॅरॉल्ड वॉटसन आणि त्यांच्या फिलिपिनो सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात ‘सॉल्ट’ ही उतारावरच्या शेतीची पद्धत बसवली: उताराला आडव्या, एकाच उंचीवरच्या रेषांवर झाडांच्या दाट रांगा लावायच्या आणि मधल्या पट्ट्यांत पीक घ्यायचं. तिचं मुख्य अवजार म्हणजे इंग्रजी ‘ए’ अक्षरासारखी, घरीच करता येणारी बांबूची चौकट. सारख्या लांबीचे दोन पाय, मध्ये आडवी काठी, आणि शेंड्यापासून सोडलेली, टोकाला दगड बांधलेली दोरी. चौकट जमिनीवर उभी करून दोरी आडव्या काठीला जिथे टेकते तिथे खूण करायची. मग पायांची अदलाबदल करून, त्याच दोन जागांवर ठेवून दुसरी खूण करायची. दोन्ही खुणांचा मध्य म्हणजे समपातळी: दोरी तिथे आली की दोन्ही पाय एकाच उंचीवर असतात. पुढे एक पाय रोवून दुसरा वर-खाली सरकवत दोरी मध्यावर आणायची आणि खुंट्या मारत जायचं. वारा असेल तर दगड झुलतो, म्हणून हे काम पडल्या वाऱ्यात करावं. मध्य नीट न काढता रेषा आखली की ती तिरकी जाते. मग पावसाचं पाणी रांगेच्या कडेने वाहत सखल टोकाला साचतं आणि तिथेच फोडून निघतं. नापिकीचं खापर मात्र नंतर पद्धतीवर फुटतं.

‘रांगांनी पीक घटतं’ हा दावा वजनदार आहे, कारण रांगा जागा खातातच. दर मीटरभर उंची उतरली की एक रांग, म्हणजे बऱ्यापैकी उतारावर चार-पाच मीटरवर एक. प्रत्येक रांग जोडओळीची, दोन ओळींत अर्धा मीटर अंतर. पाचवा हिस्सा जमीन सहज जाते. पण तुलना कशाशी करायची? किनुस्कुसानच्या सहा वर्षांच्या मोजणीत उघड्या उतारावरून हेक्टरी वर्षाला सरासरी 194.3 टन माती वाहून गेली, रांगांच्या शेतातून 3.4 टन. हेक्टरवरचा एक मिलिमीटर थर साधारण बारा-तेरा टनांचा धरला, तर उघड्या शेताची दीड सेंटिमीटर वरची माती दरवर्षी गेली. अशा शेतात आज दिसणारं पूर्ण क्षेत्राचं पीक म्हणजे मुद्दल मोडून खाणं आहे.

तरीही रांग लावली की पीक आपोआप वाढतं, असं कुणी सांगत असेल तर तेही चूक. रांग महिना-दीड महिन्याने छाटावी लागते, नाहीतर मक्यावर सावली पडते. छाटलेला पाला बांधावर न टाकता पिकाच्या बुडाशी घालायचा. दोन रांगांमधली माती नांगरटीने हळूहळू खाली सरकते, त्यामुळे पट्ट्याची वरची कड उघडी पडते आणि तिथला मका पिवळा, ठेंगणा राहतो. म्हणून पाला आणि शेणखत सगळीकडे सारखं न पसरता वरच्या कडेला जास्त द्यायचं. रांगेत खाडा पडला तर सगळं पाणी त्याच वाटेने धावतं. तो त्याच हंगामात भरून काढावा. आणि आम्लधर्मी जमिनीत या पाल्यातून नत्र मिळतं, पण स्फुरदाची भूक भागत नाही. ते बाहेरून द्यावंच लागतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

झाडाची निवडही चुकू शकते. सुरुवातीला भर सुबाभळीवर होता. 1980 च्या दशकाच्या मध्याला तिच्यावर सायलिड ही रस शोषणारी कीड आली आणि रांगा झडल्या. (हीच कीड 1988 मध्ये भारतात पोहोचली, बायफ या संस्थेने चाऱ्यासाठी सुबाभूळ गावोगाव नेली होती, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांना ही कीड माहीत आहे.) तेव्हापासून एकाच जातीवर न विसंबता गिरिपुष्प, फ्लेमिंजिया, डेस्मोडियम अशा शेंगवर्गीय झाडाझुडपांची मिश्र लागवड करतात.

आता ‘सोडून दिलं’ याविषयी. मिंडानाओतल्याच मिसामिस ओरिएन्ताल प्रांतातल्या क्लावेरियात शेतकऱ्यांना छाटणीची मजुरी खरंच जड गेली. पण त्यांनी माती राखणं सोडलं नाही, झाडं सोडली. समपातळीवर अर्धा मीटर रुंदीचा पट्टा न नांगरता ठेवायचा, त्यात आपोआप गवत येतं, बस्स. ना बियाणं, ना रोपं. रेषा काढायला चौकटही नको: नांगराचा बैल आडवा चालवायचा आणि त्याच्या पाठीकडे बघायचं. पुढचा भाग उचलला गेला तर तो चढतोय, मागचा उचलला तर उतरतोय. पाठ सपाट राहील ती वाट समपातळीची. पट्टे मीटरभर उंचीऐवजी दोन ते चार मीटर उंचीच्या फरकाने ठेवले तरी बरीचशी धूप थांबते, असं तिथे काम करणाऱ्या कृषिवनिकी संशोधकांनाही आढळलं. 1996 पासून तिथे ‘लँडकेअर’ म्हणजे जमीन राखणाऱ्या शेतकऱ्यांचे गट उभे राहिले आणि शेतकऱ्यांनीच शेजाऱ्यांना हे शिकवलं. याला फसणं म्हणत नाहीत. गरिबाने आपल्या मजुरीच्या हिशेबात बसेल असा बदल केला, आणि सामुदायिक शेतीचं खरं बळ इथेच आहे.

‘बियाणं तज्ज्ञांचंच हवं’ याला मासिपाग या शेतकरी-शास्त्रज्ञ जाळ्याचं काम हे उत्तर आहे. 1985 च्या भातपरिषदेतून पुढे आलेल्या या जाळ्यात शेतकरी स्वतः संकर करतात. दुपारनंतर भाताच्या फुलाचा वरचा भाग कातरून सहाही परागकोश चिमट्याने काढायचे, कणसावर कागदी पिशवी चढवायची, दुसऱ्या दिवशी सकाळी उशिरा फुलं उमलताना दुसऱ्या जातीचे पराग वर झाडायचे. एखादा परागकोश आत राहिला तर दाणा स्वपरागणाचा निघतो आणि पुढची निवड वाया जाते. संकरानंतर वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या लागतात. शिवाय गावच्या चाचणी-शेतात किमान पन्नास वाण रसायनांविना शेजारी शेजारी लावतात आणि निवड गावकरीच करतात. 840 शेतकऱ्यांच्या 2009 मधल्या पाहणीत त्यांच्या सेंद्रिय भाताचं सरासरी उत्पादन रासायनिक भाताच्या जवळपास बरोबरीचं होतं, आणि खर्च घटल्याने हातात उरणारं उत्पन्न जास्त.

या दाव्यात न येणारी खरी अडचण वेगळीच आहे. फिलिपीन्सच्या 1975 च्या वनकायद्यानुसार 18 टक्के किंवा अधिक उताराची जमीन सहसा खासगी मालकीत देता येत नाही. पुढच्या वर्षी जमीन हातात राहील की नाही हे माहीत नसेल, तर दर तिसऱ्या पट्ट्यात कॉफी किंवा फळझाडं लावायची सॉल्टची शिफारस कोण पाळेल? 1995 पासून लोकाधारित वनव्यवस्थापनात गावगटाला 25 वर्षांचा, नंतर आणखी तेवढाच वाढवता येणारा करार मिळू शकतो. तो गटाच्या नावावर होतो, म्हणून कोणत्या कुटुंबाचा पट्टा कुठून कुठे, हे झाडं लावण्याआधीच गावात बसून ठरवून लिहून घ्यावं लागतं.