उत्तर न आलेले अर्ज

गणपतीची चवथ आटोपली, पाहुणे आपापल्या गावी परतले, गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली फळे उतरवून झाली आणि गोव्यातल्या साखळीच्या बाजाराजवळच्या पारावर आमची संध्याकाळची बैठक पुन्हा भरू लागली. या बैठकीत आम्ही बोलतो कोकणीत आणि लिहायचे झाले की मराठीत लिहितो. इथल्या वाचकाला त्यात काही नवल वाटणार नाही. त्यामुळे खालची वाक्ये माझी आहेत, मुद्दे मात्र ज्याचे त्याचे आहेत. कोणाचेही नाव मी दिलेले नाही, कारण लहान गावात नोकरी शोधणाऱ्याची गोष्ट त्याच्या अर्जाच्या आधी मुलाखतीच्या खोलीत जाऊन पोचते.

वादाला सुरुवात झाली ती एका साध्या प्रश्नावरून. आमच्यातला सर्वांत धाकटा मुलगा मेकॅनिकलचा डिप्लोमा पूर्ण करून चार वर्षे काम शोधतो आहे. तो येऊन टेकला नाही तोच भाईंनी, म्हणजे पूर्वी खाणीवर ज्यांचे दोन ट्रक चालत असत त्या आमच्या शेजाऱ्यांनी, त्याला विचारले, “कितें जालें रे?” तो “कांय ना” म्हणाला, क्षणभर बसला आणि उठून पुलाच्या दिशेने चालू लागला.

मास्तर भाईंवर चिडले. ते म्हणाले, “चवथीच्या आधीचे तीन दिवस या मुलाने रानात काढले. घरच्यांना वाटले, पोराला माटोळीची हौस आहे. कांगलां आणि सुपारीचे घोस आणायला तीन दिवस लागत नाहीत. मुंबईहून, वास्कोहून आलेला प्रत्येक काका आणि प्रत्येक मावशी हाच प्रश्न विचारणार, हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो घराबाहेर राहिला. आता पारावरही आपण तेच विचारायचे, तर त्याने जायचे कुठे?”

भाईंना हे लागले. आपण आपुलकीने विचारले, परक्या मुलाला कोणी विचारत नाही, असे ते म्हणाले, आणि त्यांच्या आपुलकीबद्दल मला कधीच शंका नव्हती. तरीही मी मास्तरांच्या बाजूने बोललो, कारण या प्रश्नाचे ओझे मी स्वतः वाहिले आहे. मी एका खाणीच्या वजनकाट्यावर कारकून होतो. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली आणि माझे काम गेले. पहिला महिना लोक सहानुभूतीने विचारत होते, कारण खाणींच्या सगळ्या पट्ट्यावरच आभाळ कोसळले होते. सहा महिन्यांनी तोच प्रश्न वेगळा ऐकू येऊ लागला. विचारणाऱ्याचा स्वर बदलला होता की माझा कान, हे मला आजही सांगता येणार नाही. मी दुपारी बाजारात जाणे सोडले. कामावर असलेली माणसे बाजारात संध्याकाळी येतात, म्हणून मीही संध्याकाळीच जाऊ लागलो.

इथपर्यंत बोलणे सौम्य होते. ते पेटले अण्णांमुळे. अण्णांचे डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत लहानसे फॅब्रिकेशनचे युनिट आहे आणि तिथे काम करणारे बहुतेक जण कर्नाटक, ओडिशा आणि झारखंड इथले आहेत. ते म्हणाले, “प्रश्न विचारला म्हणून कोणी मरत नाही. खरी गोष्ट ही आहे की आपल्या मुलांना नोकरी हवी आहे, काम नको आहे. वेल्डर मिळावा म्हणून मी दोन-दोन महिने थांबतो आणि शेवटी बाहेरून माणूस आणतो. आपला मुलगा मात्र सरकारी जाहिरातीची वाट पाहत वाचनालयात बसलेला असतो.”

आमच्यात ताई बसतात. त्या मराठीच्या एम.ए. आहेत, बी.एड. आहेत आणि सात वर्षे वेगवेगळ्या विद्यालयांत लेक्चर बेसिसवर शिकवत आल्या आहेत. घेतलेल्या तासांपुरता पैसा, एप्रिल-मेचे काही नाही आणि जूनमध्ये पुन्हा अर्ज, असा त्यांचा वर्षाचा क्रम आहे. त्यांनी अण्णांना विचारले, “तुमच्या वेल्डरला भविष्यनिर्वाह निधी आहे का? त्याला कामावर तुम्ही घेतले आहे की कंत्राटदाराने?” अण्णा गप्प राहिले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मग ज्या मुलाच्या वडिलांना खाण बंद झाल्यावर एका कागदावर घरी पाठवले गेले, त्या मुलाने टिकणारी नोकरी मागितली तर तुम्ही त्याला आळशी का म्हणता? त्याने घरात जे पाहिले त्यावरून तो शिकला आहे.”

मला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. सरकारी नोकरीचा सोस म्हणून ज्याला हिणवले जाते, तो आमच्या पट्ट्यात अनुभवातून आलेला आहे. २०१४ साली वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून न्यायालयाने खाणी पुन्हा सुरू होऊ दिल्या, लोकांनी ट्रक दुरुस्त करून घेतले, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीज रद्द ठरल्यामुळे १६ मार्चपासून सगळे पुन्हा थांबले. डिचोलीत लिलाव झालेल्या नव्या खाणपट्ट्यावर काम सुरू व्हायला २०२४ उजाडले. त्या मधल्या काळात शाळेत असलेली मुले आज अर्ज भरत आहेत. एकाच पिढीने दोनदा हात पोळून घेतल्यावर तिच्या मुलांनी सावलीची जागा शोधावी, यात दोष कसला?

मास्तरांनी आकडे काढले. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार २०२३-२४ मध्ये देशाचा बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता आणि गोव्याचा ८.५ टक्के. अण्णांनी तोच आकडा उलट फिरवला. जिथे पोट भरण्याची भ्रांत आहे तिथला माणूस मिळेल ते काम धरतो, म्हणून त्या राज्याचा आकडा लहान दिसतो; आपल्याकडे घर आहे, थोडी काजूची बाग आहे, एखाद्याचे निवृत्तिवेतन येते, म्हणून आपली मुले थांबू शकतात, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद खोटा नाही, आणि अण्णा दुष्टपणाने बोलत नव्हते. पण तो अर्धाच आहे. मास्तरांनी दाखवून दिले की या सर्वेक्षणाच्या नेहमीच्या मोजणीत वर्षभरात ३० दिवस काम मिळालेला माणूससुद्धा दुय्यम काम असलेला म्हणून रोजगारात धरला जाऊ शकतो. किनाऱ्यावर दोन महिने हंगाम करून पावसाळ्यात घरी बसलेला आमचा मुलगा ८.५ टक्क्यांच्या बाहेर राहू शकतो. आणि ज्या बाईने शोधणे सोडून दिले आहे आणि जी घरचेच काम करते, ती श्रमशक्तीतच मोजली जात नाही.

“मला तर कोणी ‘कितें जालें’ असेही विचारत नाही,” ताई म्हणाल्या. “मला विचारतात, लग्नाचे काय. बेरोजगार म्हणवून घ्यायलासुद्धा पुरुष असावे लागते.” हे त्या अगदी शांतपणे बोलल्या आणि पारावर कोणालाही उत्तर सुचले नाही.

त्यावर मास्तरांनी १९३० च्या सुमाराची एक हकिगत सांगितली. ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळपास सगळे गाव एकदम बेकार झाले. मारी याहोडा, पाउल लाझार्सफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन लोकांचे दिवस कसे जातात ते बारकाईने टिपले. त्यांना असे आढळले की हाताशी भरपूर वेळ असूनही गावाच्या वाचनालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आली होती. पुरुष रस्त्याने हळू चालत, मध्ये मध्ये थांबत, आणि आज दिवसभर काय केले हे त्यांना सांगता येत नसे. बायकांची चाल मात्र मंदावली नव्हती, कारण घरचे काम संपलेले नव्हते. मला माझी २०१३ सालची दुपार आठवली. घरात कादंबऱ्या पडून होत्या आणि मी एकही पान उलटले नव्हते. त्या वेळी मी स्वतःलाच आळशी ठरवले होते. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या गावातल्या विणकरांचेही तसेच झाले होते, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर मला थोडा आधार मिळाला असता.

अंधार पडू लागला होता. भाई बराच वेळ काही बोलले नव्हते. मग त्यांनी जे सांगितले ते इथे लिहू की नको याचा मी विचार केला आणि त्यांनीच लिही म्हटल्यावर लिहितो आहे. त्यांच्या थोरल्या मुलासाठी एक माणूस घरी आला होता. अमुक खात्यात जागा आहे, एवढे लाख दिले तर नाव यादीत येईल, असे तो म्हणाला. गंजलेला ट्रक भंगारात काढून आणि बायकोचे दागिने ठेवून पैसे उभे करण्याचा विचार भाईंनी दोन रात्री केला. पुढे २०२४ च्या अखेरीस नोकरीच्या आमिषाने पैसे उकळल्याच्या तक्रारी गोवाभर पोलिसांत नोंदल्या गेल्या, अटका झाल्या, तेव्हा त्यांना घाम फुटला. “मी पैसे दिले नाहीत, कारण माझ्याकडे नव्हते,” ते म्हणाले. “असते तर मी दिले असते. मी चांगला होतो म्हणून वाचलो नाही.”

अण्णा म्हणाले की आता भरतीसाठी २०१९ च्या कायद्याने कर्मचारी निवड आयोग झाला आहे, परीक्षा संगणकावर होते, मग दलालाला कोणी का भुलावे. मला वाटते, त्याचे कारण लोभात शोधणे चुकीचे आहे. गोव्यात बहुतेक सरकारी पदांसाठी वयाची मर्यादा ४५ वर्षे आहे. ही सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण तिचा दुसरा अर्थ असा होतो की पदवी घेतल्यापासून दोन तपे माणूस उमेदवार राहू शकतो. इतकी वर्षे ज्याला आपण कुठे कमी पडलो हे कोणीच सांगत नाही, त्याच्याकडे जो कोणी येऊन काहीतरी ठाम सांगेल त्याच्यावर तो विश्वास ठेवतो. दलाल नोकरी विकत नाही; तो उत्तर विकतो.

एवढ्यात धाकटा परत आला. आम्ही त्याच्याच विषयी बोलत होतो हे त्याला कळले असणार, पण तो बसला. मास्तरांनी त्याला काहीच विचारले नाही, त्याने आपणहून सांगितले. त्याच्याकडे एक वही आहे. तिच्यात तारीख, पद, ठिकाण, कागदपत्रे आणि उत्तर असे रकाने त्याने आखले आहेत. रहिवासी दाखला, रोजगार विनिमय केंद्राचे कार्ड, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, फोटो, प्रत्येक वेळी नवा संच. वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला जायचे तर पहाटेची बस पकडून पणजीला जायचे, तिथे बस बदलायची आणि रांगेत उभे राहायचे. एकदा तो तिथे पोचल्यावर पद आधीच भरले आहे असे फाटकावरच्या रखवालदाराने सांगितले. एका कारखान्यात त्याने वर्षभर शिकाऊ उमेदवारी केली, मुदत संपली आणि त्याच यंत्रावर दुसरा शिकाऊ मुलगा आला. “त्याचाही राग नाही,” तो म्हणाला. “त्यांनी निदान शेवटच्या दिवशी सांगितले, उद्यापासून येऊ नकोस. माझ्या वहीत उत्तराच्या रकान्यात जे थोडे काही लिहिलेले आहे त्यात ते एक आहे. बाकी पाने कोरी आहेत. माणूस नापास झाला तर अभ्यास करतो. नापास झालो की नाही हेच कळले नाही, तर मी करायचे काय?”

मला या सगळ्या चर्चेत जे म्हणायचे होते ते त्याने माझ्यापेक्षा चांगले सांगितले. जागा थोड्या आहेत आणि अर्ज फार आहेत, हे आम्हाला समजते. सर्वांना नोकरी द्या असे या पारावरच्या कोणीही कधी म्हटले नाही. पण ज्याने आपल्या बसभाड्याने, आपल्या झेरॉक्सच्या पैशाने आणि आपल्या आयुष्यातल्या एका दिवसाने तुमच्या दारी येऊन अर्ज ठेवला, त्याला दोन ओळींचे उत्तर देणे ही मेहेरबानी नाही, ते देणे आहे. आज मोबाइलवर हजार जणांना एकाच वेळी कळवता येते. हे न करण्याला माझ्या मते एकच कारण आहे: ज्याला घ्यायचे नाही तो माणूस म्हणून आपल्या लेखी उरलेला नसतो.

ताईंनी अण्णांना विचारले, “तुमच्या युनिटवर अर्ज येतात त्यांचे काय करता?”

अण्णांनी खरे सांगितले, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला. ते म्हणाले, “सुपरवायझर घेतो आणि खणात ठेवतो. अनुभव नसलेली आयटीआयची मुले असतात. आम्हाला अनुभवी माणूस हवा असतो. खण भरला की रद्दीत जातात.” मग थोडे थांबून म्हणाले, “म्हणजे आपली मुले येतच नाहीत असे मी मघाशी म्हणालो, ते बरोबर नव्हते. येतात. मी त्यांना पाहिलेले नाही.”

कोणी त्यांना आणखी काही बोलले नाही. ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि उद्या सकाळी खण उघडून त्यातल्या प्रत्येकाला फोन करतो, घ्यायचे नसेल तर तसे स्पष्ट सांगतो, असे म्हणाले.

“फोन नको, अण्णा,” धाकटा म्हणाला. “मेसेज करा. नोकरीचा फोन वाजला की स्वयंपाकघरातून आई धावत येते आणि बोलणे संपेपर्यंत तोंडाकडे पाहत उभी राहते.”